मार्फत

गणपतीत गावी गेले होते तेव्हाची गोष्ट. पाचव्या दिवशी विसर्जन करून आलो होतो. ओल्या कपड्यांचा आणि कापराचा वास घरभर भरून होता, आणि केबलवाल्यांचा मुलगा पडवीत शिडीवर चढून राउटर भिंतीवर बसवत होता. आमच्या वाडीत फायबर नुकतंच पोचलेलं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी राहते. पडवीत एक कॅमेरा लावावा आणि पुण्यात बसून मला तिचं खळं, बेडं, येणारं-जाणारं माणूस दिसावं, एवढीच माझी इच्छा होती. गेली बावीस वर्षं मी नेटवर्कचंच काम करते, म्हणून त्या मुलाला सवयीने विचारलं, "पब्लिक आयपी मिळेल ना रे? बाहेरून थेट जोडायचंय." तो म्हणाला, "नाही ताई, इथे सगळ्यांना आतलाच देतात. बाहेरचा असतो तो वर ऑफिसात. त्या एकावर अख्ख्या वाड्या चालतात." आई चहा घेऊन आली होती. तिने विचारलं, "म्हणजे काय रे?" तिला समजावं म्हणून तो अगदी साधेपणाने म्हणाला, "काकू, म्हणजे तुमच्या घराला स्वतःचा पत्ता नाही."

आईने कप त्याच्या हातात दिला, पण तिचा चेहरा बदलला. तो गेल्यावर केळीच्या पानांचा कचरा गोळा करता करता ती दोनदा स्वतःशीच बोलली, "ह्या घराला पत्ता नाही म्हणाला."

ह्याच पडवीत एकतीस वर्षं गावाचं पोस्ट होतं.

अण्णा शाखा पोस्टमास्तर होते. खेड्यातलं शाखा पोस्ट म्हणजे पोस्टमास्तरांच्या घरातलीच एक खोली किंवा पडवीचा कोपरा असतो. आमच्याकडे पडवीच्या डाव्या अंगाला टेबल, त्यावर पितळी वजनकाटा, लाखेचा डबा, तारखेचा शिक्का आणि शाईने काळीनिळी झालेली गादी असायची. दुपारी टपालाची थैली आली की लाखेचं सील फोडल्याचा करकरीत आवाज यायचा. मग शिक्क्यांची लय सुरू व्हायची, आधी गादीवर आणि मग कागदावर. मला अक्षरओळख त्याच टेबलाखाली बसून झाली. मु. पो., ता., जि. ही अक्षरं मी बाराखडी पुरी व्हायच्या आधी वाचायला लागले होते. गावात कुणी नवीन माणूस आला आणि त्याने घर विचारलं की लोक त्याला आमच्याकडे पाठवत, कारण कुणाचं घर कुठे हे अण्णांना माहीत. त्या घराला पत्ता नाही, हे ऐकून आईला काय वाटलं असेल ते मला कळत होतं. आणि तो मुलगा खोटं बोलला नव्हता, हेही कळत होतं.

रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाईलवर राउटरचं पान उघडलं. १९२.१६८.१.१. हा आकडा माझ्या बोटांना लहानपणीच्या पाढ्यासारखा पाठ आहे. आतल्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता दिसतो, तो शंभरने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ च्या एप्रिलमध्ये मुद्दाम ह्याच कामासाठी बाजूला काढून ठेवले गेले. साधारण बेचाळीस लाख आकडे, आणि जगातली कुठलीही इंटरनेट कंपनी तेच आकडे आपापल्या गिऱ्हाइकांना वाटू शकते. आमच्या घराचा आकडा त्याच क्षणी ब्राझीलमधल्या कुणाच्या तरी राउटरवरही असू शकतो. कंपनीच्या कुंपणाच्या आत त्याला अर्थ आहे, बाहेर नाही. बाहेरच्या जगाला दिसतो तो कंपनीचा एक पत्ता, आणि त्याच्या पोटात शेकडो घरं.

हे मी कामावर किती वेळा समजावून सांगितलं आहे. त्या रात्री मात्र पावसाचा आवाज ऐकत बसले असताना त्यासाठी मराठीत एक शब्द आधीपासून आहे हे सुचलं.

मार्फत.

माझे काका लालबागला गिरणीत होते. आमच्या गावकऱ्यांची तिथे चाळीत एक खोली होती. पाळ्यांप्रमाणे माणसं झोपायची, एक उठला की त्याच्या जागी दुसरा. वळकट्या भिंतीला, ट्रंका एकावर एक. कुणाच्याच नावावर खोली नाही, आणि खोली मात्र सगळ्यांची. काकांना पाठवायच्या पत्रावर अण्णा आधी काकांचं नाव लिहीत, मग 'मार्फत' लिहून चाळीखालच्या किराणा दुकानदाराचं नाव, आणि शेवटी 'मुंबई १२'. पोस्टमन पत्रांचा गठ्ठा दुकानात टाकायचा. कुठलं पत्र खोलीतल्या कुणाचं, कोण कुठल्या पाळीला, कोण गावी गेलाय, हे त्या दुकानदाराच्या डोक्यात असायचं. राउटरमध्ये जी नोंदवही असते ती हीच. आतल्या कुणी बाहेर पत्र धाडलं की राउटर त्याच्यावर स्वतःचा पत्ता घालतो, कुणासाठी कुठल्या खिडकीतून पाठवलं ते टिपून ठेवतो, आणि उत्तर आलं की वही बघून ज्याचं त्याला देतो. १९९४ च्या मे महिन्यात ही युक्ती पहिल्यांदा कागदावर मांडली गेली, तेव्हा ती चार दिवसांची सोय म्हणून होती. तीस वर्षं उलटून गेली, आणि आता घराच्या राउटरमध्ये एकदा आणि कंपनीत दुसऱ्यांदा अशी दुहेरी मार्फत चालते.

मार्फतीत एक गोष्ट होत नाही. तुम्ही कुणाला लिहिलं असेल तर उत्तर येतं. पण कुणी आपणहून तुम्हाला शोधत आलं, तर वहीत तुमची नोंद नसते. आणि नोंद असली तरी ती फार दिवस टिकत नाही. राउटर बिनबोलत्या नोंदी काही सेकंदांत, काही मिनिटांत खोडून टाकतो, कारण वहीची पानं मोजकी असतात. म्हणून आमच्या धंद्यात दर पंचवीस सेकंदांनी एक रिकामं पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरचं पाकीट, पाठवत राहायची रीत आहे. त्यात मजकूर काहीच नसतो. मी अजून इथेच आहे, एवढंच.

काकांची मनीऑर्डर दर महिन्याला यायची. त्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी असत. 'मी खुशाल आहे' याच्या पुढे फारसं काही नसे.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. खोली हळूहळू रिकामी व्हायला लागली. कुणी गावी परतलं, कुणी भिवंडीला लूमवर गेलं, कुणी कुठे. मनीऑर्डर थांबली. मार्चमध्ये शिमगा होता आणि त्या वर्षी पालखी आमच्या खळ्यात बसणार होती. अण्णांनी काकांना पत्र टाकलं. आठ-दहा दिवसांनी पालखी आली आणि गेली, आणि त्यानंतर ते पत्र परत आलं. पाकिटावर तिरकं लिहिलेलं होतं, 'सदर इसम सोडून गेले'. ते अण्णांनीच थैलीतून काढलं, स्वतःच्या हाताने त्यावर आपला शिक्का मारला आणि मग थोडा वेळ ते हातात धरून बसले. काका पुढे सापडले, काही वाईट झालं नव्हतं. पण ते पाकीट आईने अजून जपून ठेवलंय. मी ते दर दिवाळीला, साफसफाईत बघते. दुकानदाराने काही चूक केली नव्हती. वहीतली नोंद संपली होती, एवढंच.

हे सगळं डोक्यात असताना अण्णांची लाल शाई आठवली, आणि मग झोप गेली ती गेलीच.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतात कविता लिहिणारा मराठी माणूस, त्यांनी तो बसवला. देशभर एकाच नावाची गावं, दहा लिप्यांतले पत्ते, न लागणारं अक्षर. ह्या सगळ्यावर सहा आकडे. पण लोक लगेच थोडेच लिहायला लागले? आमच्या गावात तर वर्षानुवर्षं 'मुंबई १२' एवढंच. अण्णा संध्याकाळी जाणारं टपाल पुढ्यात घ्यायचे आणि लाल पेनाने प्रत्येक पत्रावर राहिलेला पिन भरायचे. त्यांना कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. मला ते पाहायला आवडायचं, कारण त्यात एक गंमत होती. 'मुंबई १२' चा पिन ४०० ०१२. गिरगावचा 'मुंबई ४', तो ४०० ००४. दादर २८, ते ४०० ०२८. पुण्यात सदाशिव पेठेला अजूनही कुणी 'पुणे ३०' म्हणतं, तिचा पिन ४११ ०३०. जुना नंबर नव्या नंबराच्या पोटात जसाच्या तसा ठेवलेला. ज्याला नवीन येत होतं त्याने सहा वाचावेत, ज्याला येत नव्हतं त्याने शेवटचे दोन. कुणाचंही पत्र अडलं नाही.

इंटरनेटच्या नव्या पत्त्यांवर मी पुष्कळ वर्षं मनातून चिडलेली होते, त्याचं मूळ हेच. वेलणकरांना जमलं ते ह्यांना का जमलं नाही? १९९५ च्या डिसेंबरात व्ही-सिक्सचा, म्हणजे ह्या नव्या पत्त्यांच्या रीतीचा, पहिला मसुदा आला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं, म्हणजे आपलं इंटरनेट आणि हा नवा पत्ता एकाच वयाचे. तरी दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नाही. नुसता व्ही-फोर, म्हणजे जुनी रीत, बोलणारा आणि नुसता व्ही-सिक्स बोलणारा शेजारी शेजारी ठेवले तर ते एकमेकांना कायमचे अनोळखी. पुण्यात आमच्या टेलिफोनच्या नंबरांआधी २ लागला तेव्हा लोक दोन दिवस कुरकुरले आणि विसरले. मग इथेही पुढे चार आकडे वाढवायला काय हरकत होती?

हरकत होती, आणि ती मला पॅकेट उघडून बघायला लागल्यावरच नीट कळली. जुन्या पॅकेटच्या पाकिटावर पाठवणाऱ्याच्या पत्त्याला बत्तीस बिटांची, म्हणजे बत्तीस शून्य-एकांची, चौकट आहे आणि घेणाऱ्याच्या पत्त्याला बत्तीस बिटांची. छापील फॉर्मवरच्या चौकोनांसारखी, एकही जास्त नाही. १९८१ च्या सप्टेंबरातल्या दस्तऐवजात ती ठरली आणि जगातल्या प्रत्येक यंत्राने ती तशीच वाचायला शिकून घेतली. ही रीत घडवणाऱ्यांपैकी एक, विंट सर्फ, यांनी नंतर सांगितलंय की बत्तीस बिटांचा निर्णय त्यांनी १९७७ मध्ये एका प्रयोगापुरता घेतला होता. प्रयोगच पुढे चालू राहिला. बत्तीस बिटांत मावणारे पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. त्या काळी तो आकडा समुद्रासारखा वाटला असणार. मोठ्या पत्त्याचा माणूस जुन्या माणसाला पत्र लिहील हो, पण जुन्याने उत्तर कुठे पाठवायचं? त्याच्या पाकिटावर तो पत्ता मावतच नाही. पोस्टमन माणूस असतो, तो पाकिटाच्या कडेला लाल शाईने लिहिलेलं वाचतो. यंत्र चौकटीबाहेरचं वाचत नाही. म्हणून पाकीटच नवीन करावं लागलं, एकशे अठ्ठावीस बिटांच्या पत्त्याचं. दोन्ही पाकिटांत सारखे आहेत ते अगदी पहिले चार बिट. तिथे ४ किंवा ६ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे पुढचं कुठल्या रीतीने वाचायचं. ५ हा आकडा आधीच एका वेगळ्या प्रयोगाला देऊन झाला होता.

आणि वेलणकरांची युक्ती इथेही पुढे आलीच, फक्त उशिरा आणि मागच्या दाराने. आज बऱ्याच मोबाईल नेटवर्कवर फोनला फक्त नवा पत्ता मिळतो. त्या फोनवरून एखाद्या जुन्या, व्ही-फोरवरच बसलेल्या संस्थळाकडे जायचं झालं तर नावं शोधून देणारी यंत्रणा एक बनावट नवा पत्ता तयार करते. सुरुवातीला ६४:एफएफ९बी, आणि शेवटच्या बत्तीस बिटांत तो जुना पत्ता जसाच्या तसा. ४०० आणि १२. वाटेत एक दुभाषा बसलेला असतो, तो शेवटचे बत्तीस बिट काढून घेतो आणि जुन्या पाकिटात घालून पुढे धाडतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच अण्णांच्या टेबलाखाली बसल्यासारखं वाटलं होतं.

बदल एका दिवसात झाला असता तर कसं झालं असतं, असं कधी कधी मनात येतं. १ जानेवारी १९८३ ला तसं झालं होतं. इंटरनेटच्या आधीचं जाळं म्हणजे अर्पानेट, त्याच्यावरच्या सगळ्यांनी त्या दिवशी जुनी रीत टाकून ही, आज आपण जिला जुनी म्हणतो ती, उचलली. यंत्रं काहीशेच होती. २०११ पर्यंत ती मुभा राहिली नव्हती. ३ फेब्रुवारी २०११ ला मध्यवर्ती कोठारातले जुन्या पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे गठ्ठे जगातल्या पाच विभागांना वाटून दिले गेले, आणि १५ एप्रिलला आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचंही मोकळं वाटप संपलं. त्यानंतर मागणाऱ्याला एकदा जास्तीत जास्त १०२४ पत्ते मिळत. ही तारीख मला टोचत राहते. आपल्याकडे हातोहाती स्मार्टफोन आला तो त्यानंतर. अमेरिकेतल्या एमआयटी ह्या एका संस्थेकडे एके काळी एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त पत्ते होते, एका विद्यापीठाचे, कारण ते आधी रांगेत होते. त्यातले पुष्कळ त्यांनी २०१७ मध्ये विकले. नॉर्टेल कंपनी २००९ मध्ये बुडाली, आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचे ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले. सातबाऱ्यावर नाव लागावं तशी ती मालमत्ता झाली. आणि माझ्या आईचं घर मार्फतीत.

२०११ च्या जूनची आठ तारीख मी जागून काढली होती. त्या दिवशी गूगल, फेसबुक, याहू यांच्यासारख्या मोठ्या कंपन्या चोवीस तासांसाठी दोन्ही पत्त्यांवर दार उघडं ठेवणार होत्या, काही कोसळतं का ते बघायला. आपल्या घड्याळात ती वेळ पहाटे साडेपाचची. पुण्यात तेव्हा माझ्या जोडणीवर नवा पत्ता नव्हताच, जुन्या पाकिटात नवं पाकीट घालून नेणाऱ्या एका टनेलमधून उसना घेतलेला होता. बाहेर पहिल्या पावसाचा वास, हातात आलं घातलेला चहा, आणि मी एकेक संस्थळ उघडून बघत होते. काहीही झालं नाही. सगळं नेहमीसारखं उघडलं. मला रडू आलं होतं, ते कुणाला सांगितलं नाही. वर्षभराने ६ जून २०१२ ला त्यांनी तीच दारं कायमची उघडली. पुढे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, आणि बघता बघता भारत ह्या नव्या पत्त्यांच्या बाबतीत जगातल्या अगदी पुढच्या देशांत जाऊन बसला. कोथिंबीर विकणाऱ्या मावशींच्या फोनला पूर्ण, स्वतःचा पत्ता आहे, त्यांना ठाऊक नसलेला. जुनं संपून गेलं होतं म्हणूनच आपल्याला नवं घ्यावं लागलं. उशिरा येणाऱ्याचं एवढं एक भाग्य.

दिवाळीत परत गेले तेव्हा त्या मुलाला बोलावून घेतलं. स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, जुना पत्ता हवा तर वर्षाचे वेगळे पैसे, असं त्याने आधीच सांगितलं होतं. मी विचारलं, व्ही-सिक्स देता का? त्याला माहीत नव्हतं. त्याने वर फोन लावला, वरच्याने आणखी वर. अर्ध्या तासाने कळलं की ते त्यांच्याकडे होतं, फुकट होतं, फक्त आमच्या भागात कुणी मागितलं नाही म्हणून बंद ठेवलेलं. संध्याकाळी राउटरच्या दिव्याची उघडझाप झाली आणि पानावर लांबलचक नवा पत्ता उमटला. घराला जो तुकडा मिळाला होता त्यात किती पत्ते मावतात ते मी आईला सांगायचा प्रयत्न केला. जुन्या इंटरनेटमध्ये सगळे मिळून ४२९ कोटी. त्या ४२९ कोटींतल्या प्रत्येकाच्या जागी आणखी ४२९ कोटी ठेवले, तर जेवढे होतील तेवढे. आई म्हणाली, "मी एकटी. एवढे घेऊन करू काय?" मी हसले नाही. मोठ्या, रिकाम्या घरात राहणाऱ्या बाईचा तो खरा प्रश्न होता.

कॅमेरा मात्र जुन्याच बोलीचा निघाला. त्याला व्ही-सिक्स येतच नव्हतं. कंपनीच्या ॲपमधून तो चालला असता, पण मग आईच्या पडवीचं चित्र आधी कुठल्याशा परदेशातल्या सर्व्हरवर जाणार आणि तिथून पुण्याला येणार. पुन्हा मार्फत, आणि तीही अनोळखी दुकानदाराची. म्हणून मी रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक ठेवला, ज्याला दोन्ही बोली येतात. आत तो कॅमेऱ्याशी जुन्यात बोलतो, आणि ते जुनं पाकीट बंद करून नव्या पाकिटात घालून माझ्याकडे धाडतो. पहिल्या दिवशी एक विचित्र प्रकार झाला. जोडणी होत होती, छोटे निरोप येत-जात होते, आणि चित्र उघडलं की पडवीचा वरचा चतकोर दिसून सगळं थिजायचं. दोन रात्री त्यात गेल्या. जुन्या रीतीत मोठं पॅकेट वाटेतला कुठलाही राउटर फोडून दोन करून पुढे पाठवायचा. नव्यात वाटेत फोडायची मुभा नाही. न मावणारं असलं तर राउटर पाठवणाऱ्याला उलट चिठ्ठी लिहितो की लहान करून पाठव. आमच्या वाटेवर ती चिठ्ठीच कुणीतरी गिळत होतं. शेवटी मी पॅकेटचा आकार १४२० वरून १२८० वर आणला, जेवढं व्ही-सिक्सच्या कुठल्याही वाटेवरून जायलाच हवं असा नियम आहे तेवढा. आणि पडवी पूर्ण दिसली, खालच्या शेणाने सारवलेल्या कडेपर्यंत. अण्णाही पार्सल कधी स्वतः फोडत नसत. जास्त भरलं तर माणसाला परत बोलावत आणि त्याच्यासमोर पुन्हा बांधायला लावत.

आनंद झाला, पण निर्भेळ नाही. मार्फतीला एक आडोसाही असतो. खोलीतल्या वीस माणसांत काका कोण हे बाहेरच्याला कळत नसे, आणि काही वेळा ते बरंच होतं. स्वतःचा पत्ता म्हणजे स्वतःचं दार, आणि दाराशी कुणीही येऊन कडी वाजवू शकतं. मी राउटरमध्ये एक फट सोडून सगळं बंद केलं. फोन आणि संगणक तर आता आपल्या पत्त्याचा उत्तरार्ध मधून मधून बदलत राहतात, माग लागू नये म्हणून. सुरुवातीच्या काळात यंत्राचा जन्मापासूनचा क्रमांकच पत्त्यात उमटायचा, ते नंतर सुधारलं. आणि आईचं काय? तिने कॅमेरा माजघराकडे वळू दिला नाही. "खळं बघ, बेडं बघ, पडवी बघ," म्हणाली. "आत मी आहे." मी तेवढाच कोन ठेवला.

पुण्यात माझ्या ऑफिसात अजून फक्त जुने पत्ते आहेत. तिथल्या वायफायवरून आईचं घर दिसत नाही. मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाते, वायफाय बंद करते, मोबाईलवर २४०९ ने सुरू होणारा पत्ता येतो आणि खळ्यात वाळत टाकलेल्या सुपाऱ्या दिसतात. त्याच फोनवर दिवसभर दोन्ही रीती शेजारी शेजारी चाललेल्या असतात. एखादं संस्थळ उघडताना तो आधी नव्या दाराची कडी वाजवतो, पाव सेकंद वाट बघतो, आणि हाक आली नाही तर जुन्या दारालाही हात घालतो. जे आधी उघडेल ते. कुठलं उघडलं हे तो आपल्याला सांगतही नाही.

आईला मात्र ते आकडे हवे होते. निघायच्या आदल्या रात्री म्हणाली, "सांग, लिहून ठेवते." पडवीत कालनिर्णय टांगलेलं असतं, त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेत तिने लिहून घेतलं. अण्णांचं एक लाल पेन शाई भरून अजून चालतं, तेच घेतलं. आकड्यांमध्ये अक्षरं आली तेव्हा थांबली. "ए, बी, सी, डी, ई, एफ. पुढची का नाहीत?" मी सांगितलं की इथे मोजणी सोळाची आहे, नवानंतर सहा अक्षरं पुरतात. तिला ते लगेच पटलं, तिने शेर, अधोली, पायली मोजलेली आहे. मधली दोन टिंबं तिने विसर्गासारखी काढली. एका ठिकाणी विसर्ग दोनदा आला. तिथे मधली सगळी शून्यं गाळली आहेत, आणि अशी सूट एका पत्त्यात एकदाच घेता येते, हे ऐकून म्हणाली, "अण्णांना आवडलं असतं."

पंधरा दिवसांनी रात्री वादळ झालं, गावाची लाईट गेली, सकाळी आली, आणि कंपनीने आमच्या घराला नवाच तुकडा दिला. पत्त्याचा पहिला अर्धा भाग बदलला. मी ह्याची सोय करून ठेवली होती. घराला एक नाव दिलं आहे, आकडे बदलले की ते नाव आपोआप नव्या आकड्यांकडे बोट दाखवतं. पाच मिनिटांत पडवी परत दिसायला लागली. आईला फोन केला आणि सांगितलं की तू लिहिलेलं आता चालायचं नाही. ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "घर जागेवर आहे ना?" म्हटलं, आहे. "मग ठीक."

फोन कानाला तसाच ठेवून मी स्क्रीनवर बघत होते. आई आतून आली, चष्मा लावला, टेबलावरचं लाल पेन उचललं. कालनिर्णयाच्या कडेला जाऊन तिने त्या आकड्यांवर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. परत आलेल्या पत्रांवर अण्णा मारायचे तशीच. बाजूला बारीक अक्षरात 'पत्ता बदलला' लिहिलं, त्याखाली तारीख घातली. मग खालची मोकळी जागा हाताने पुसून घेतली.

"हं," ती म्हणाली, "सांग नवीन."